मतपेटी, हजेरीपुस्तक आणि चार अगती

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब पाहता. गेल्या वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या महिन्यांत, विहारातल्या ग्रंथवाचनाला बसू लागल्यापासून तुम्ही पंचशील गांभीर्याने घेतले आहे. महापालिकेच्या निवडणुकीत तुमच्या प्रभागातून नात्यातलाच एक उमेदवार उभा आहे आणि वस्तीतला प्रचार तुम्ही सांभाळावा असा घरच्यांचा आग्रह आहे. परंतु पाकिटे, दारू आणि खोटी आश्वासने यांच्यावाचून निवडणूक होताना तुम्ही पाहिलेली नाही. तिकडे कारखान्यात कामगारांची हजेरी तुम्हाला दोन पुस्तकांत दोन प्रकारे लिहावी लागते. शिवाय बुद्धांविषयी किंवा बाबासाहेबांविषयी कोणी विकृत मजकूर मोबाइलवर पाठवला की विहारात शिकलेली मैत्रीभावना कुठल्या कुठे जाते, असेही तुम्ही म्हणता. धम्म पाळायचा तर राजकारण सोडावे का आणि नोकरीही सोडावी का, हा तुमचा नेमका प्रश्न.

राजकारण सोडू नका आणि नोकरी आज लगेच सोडू नका, हे माझे उत्तर आहे; मात्र दोन्हीकडे आज ज्या रीतीने वागत आहात त्या रीतीने पुढे वागता येणार नाही. माझी नोकरी एका सूतगिरणीच्या टाइम ऑफिसात गेली आणि निवृत्तीच्या पुष्कळ आधीपासून मी बौद्धाचार्य, म्हणजे बौद्ध संस्कारविधी करणारा, म्हणून वस्त्यांमधून काम करतो, त्यामुळे हजेरीपुस्तक आणि मतदारयादी या दोन्ही वस्तू मी जवळून हाताळल्या आहेत. या दोन्हींना एकच कसोटी लागू पडते, असे माझे मत बनले आहे. ती कसोटी म्हणजे चार अगती, म्हणजेच माणसाला चुकीच्या वाटेला नेणारी चार कारणे.

सिगालोवाद सुत्तात राजगृहाच्या एका गृहस्थाच्या मुलाला भगवान बुद्ध सांगतात की माणूस पापकर्म करतो ते चार कारणांनी: छंदाने (म्हणजे आसक्तीमुळे, आपल्या माणसाच्या ओढीमुळे), द्वेषाने, मोहाने (म्हणजे न जाणता, न तपासता) आणि भयाने. या चार कारणांनी जो धर्म ओलांडतो त्याची कीर्ती वद्य पक्षातल्या चंद्रासारखी घटत जाते, असे तिथे म्हटले आहे. हा उपदेश संसारी माणसाला केलेला आहे, भिक्खूला नव्हे. त्यात आईवडील, पतीपत्नी, मित्र, मालक आणि नोकर यांची एकमेकांविषयीची कर्तव्ये येतात, आणि त्या सर्वांच्या आधी या चार अगती येतात.

आता विनयपिटकात, म्हणजे भिक्खू संघाच्या नियमांच्या ग्रंथात, जा. संघात वाद उत्पन्न झाला आणि समजुतीने मिटला नाही, तर बहुमताने निर्णय घ्यावा, अशी तिथे व्यवस्था आहे. त्यासाठी शलाका, म्हणजे काड्या, वाटल्या जात. मत घेण्याच्या तीन पद्धती होत्या: गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त पद्धतीत दोन बाजूंच्या शलाका दोन रंगांच्या करायच्या, प्रत्येक भिक्खूजवळ जाऊन ‘ही या मताची, ही त्या मताची, तुम्हाला हवी ती घ्या’ असे सांगायचे, आणि ‘घेतलेली कोणाला दाखवू नका’ असे बजावायचे. हे काम करणाऱ्याला शलाकाग्राहक म्हणत आणि संघ त्याची रीतसर नेमणूक करी. त्याच्या अंगी पाच गुण असावे लागत. तो छंदाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वागणारा नसावा, हे त्यांपैकी चार. आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला नीट कळत असावे, हा पाचवा.

घर चालवणाऱ्या तरुणाला जे चार दोष टाळायला सांगितले, तेच चार दोष मतदान घेणाऱ्या भिक्खूमध्ये नसावेत, अशी अट आहे. याचा मी लावतो तो अर्थ असा की बुद्धांच्या दृष्टीने घरातले शील आणि सभेतले शील या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ‘व्यवहारात प्रामाणिक, पण राजकारणात सगळे चालते’ अशी वाटणी धम्मात बसत नाही. याच व्यवस्थेतला एक भाग मात्र मला नेहमी खटकत आला आहे. गुप्त मतदानात अधर्माचे बोलणारे अधिक भरले असे दिसल्यास शलाकाग्राहकाने ‘मत नीट घेतले गेले नाही’ असे सांगून ते रद्द करावे, अशी तरतूद तिथे आहे. बहुमत चुकू शकते हे खरे, पण ते चुकले आहे हे ठरवण्याचा अधिकार मोजणाऱ्याच्या हाती देणे हे केवळ ध्येय एक मानलेल्या, थोड्या माणसांच्या संघातच खपू शकते. आपल्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला तसा अधिकार नाही, आणि नसावाच. बौद्ध परंपरेतली प्रत्येक गोष्ट उचलून जशीच्या तशी आजच्या राजकारणात बसवू पाहणाऱ्यांनी या तरतुदीपाशी जरा थांबावे.

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात भिक्खू संघाच्या याच कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. बैठकीची मांडणी, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, पक्षप्रतोद, मतमोजणी, शलाकांनी मतदान, हे सारे संघाला माहीत होते, असे त्यांनी सांगितले. भारताला लोकशाही नवी नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्याच भाषणात त्यांनी असेही बजावले की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणातली भक्ती, विभूतिपूजा, हा अधःपाताचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. आपण त्या भाषणातला पहिला भाग जयंतीच्या फलकांवर लावतो आणि दुसरा भाग विसरतो. विभूतिपूजा ही छंदागतीच, म्हणजे छंदाने होणारी अगतीच, आहे, हे आपल्या माणसांना पटवताना माझी सर्वांत अधिक शक्ती खर्च होते.

म्हणून तुमच्या नात्यातल्या उमेदवारापासूनच सुरुवात करू. प्रचाराच्या पहिल्या आठवड्यात मतदारयाद्या येतील. चार कार्यकर्ते सतरंजीवर बसतील, एकजण नावे वाचील आणि आडनाव ऐकताच बाकीचे सांगतील, ‘हे आपले, हे त्यांचे, हे पद्मशाली, हे लिंगायत, हे मुसलमान, हे कर्नाटकातले’. आपल्या नावांवर निळी खूण, संशयितांवर प्रश्नचिन्ह, परक्यांवर फुली. त्यानंतर फुली पडलेल्या घराची पायरी कोणी चढत नाही. त्या घरात पाणी किती दिवसांआड येते, त्या बोळातली ड्रेनेजची लाइन कधीपासून तुंबली आहे, याची चौकशी निकालानंतर पाच वर्षे होत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चार वेगवेगळ्या समाजांचे लोक 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात एकाच दिवशी फासावर गेले. त्यांचे पुतळे ज्या शहराच्या मध्यभागी आहेत, त्या शहरात यादी अशी वाचली जाते. छंदागतीचा अभ्यास करायचा असेल तर ध्यानाला बसण्याआधी त्या सतरंजीवर बसून स्वतःच्या मनाकडे पाहा.

उमेदवार नात्यातला आहे म्हणून त्याचे काम करू नये, असे मी म्हणत नाही. नाते हा गुन्हा नाही. मात्र एक परीक्षा घ्या. तुमच्या उमेदवाराबद्दल जे जे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे त्याचा धंदा, त्याची दानत, मागच्या वर्षी जयंतीच्या वर्गणीचा हिशेब त्याने दिला की नाही, ते सारे जसेच्या तसे ठेवून फक्त आडनाव बदला आणि तो माणूस हुडको कॉलनीत नाहीतर विडी घरकुलात राहतो असे समजा. तरीही तुम्ही त्याला मत दिले असते काय? उत्तर ‘होय’ असेल तर निःशंकपणे प्रचार करा. ‘नाही’ असेल, तर जे काही तुम्हाला ओढत आहे ते नाते आहे, आणि घरच्यांना तसे सरळ सांगणे हे तुमचे शील आहे. हीच परीक्षा उलटही लावावी लागते, कारण द्वेषागती छंदागतीच्याच पाठीवर बसून येते. ‘तो निवडून आला तरी चालेल, पण अमुक पडला पाहिजे’ हे वाक्य आपल्या प्रत्येक वस्तीत ऐकू येते, आणि त्यात पाडण्यापलीकडचा काहीच विचार नसतो.

भयाबद्दल बोलताना मला जपून बोलावे लागते, कारण भिणाऱ्याला भित्रा म्हणणे सोपे असते. ज्याचे घर झोपडपट्टीत आहे, ज्याच्या नळजोडणीची फाइल अडकली आहे, ज्याची बायको एखाद्या पुढाऱ्याच्या संस्थेत कंत्राटी सेविका आहे, त्याचे भय खोटे नसते. विनयातली गुप्त शलाका आणि आपले गुप्त मतदान यांचे प्रयोजन इथे एकच आहे: धीर नसलेल्यालाही योग्य ते करता यावे. म्हणून प्रचारात ‘कोणाचे मत कुठे पडले ते आम्हाला कळते’ असे कोणी सूचकपणेसुद्धा बोलत असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. हे वाक्य मी दारूच्या वाटपापेक्षाही वाईट मानतो, कारण दारू एका रात्रीची असते आणि हे भय पुढची प्रत्येक निवडणूक नासवते.

आता पाकीट. मतदानाच्या आदल्या रात्री जे ‘लक्ष्मीदर्शन’ होते, त्याविषयी आपल्याकडे एक हुशारीचा सल्ला प्रचलित आहे: पैसे सगळ्यांचे घ्या आणि मत हवे त्याला द्या. पुष्कळ शिकलेली माणसेही तो देतात. मला तो मान्य नाही. घेताना ‘हो, तुम्हालाच’ असे म्हणावे लागते, म्हणजे मुसावादा वेरमणी, खोटे न बोलण्याचे शील, तिथेच मोडते. तो पैसा कंत्राटांच्या टक्केवारीतून वसूल होणार हे घेणाऱ्याला ठाऊक असते, म्हणजे आपल्याच रस्त्याच्या डांबरातला वाटा आपण आगाऊ घेत असतो. कायद्याच्या दृष्टीनेही मतासाठी देणारा आणि घेणारा दोघे गुन्हेगार ठरतात. आणि सर्वांत मोठी हानी अशी की पैसे घेतलेल्या माणसाला पुढच्या पाच वर्षांत नगरसेवकाच्या दारात ताठ मानेने उभे राहता येत नाही.

तरीही, दिवसभर विड्या वळून हजारामागे मजुरी घेणारी बाई ते पाकीट स्वीकारते तेव्हा तिला शीलभ्रष्ट ठरवण्याचा अधिकार मला किंवा तुम्हाला आहे, असे मला वाटत नाही. इथे दीघनिकाय या सुत्तसंग्रहातली दोन सुत्ते उपयोगी पडतात. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात एक राजा सर्व रीतीभाती पाळतो, पण निर्धनांना धन देत नाही. तेवढ्याने दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून असत्य, अशी सारी घसरण एकामागून एक येते. राजा प्रथम चोरांना धन देऊन पाहतो, मग शिरच्छेद करून पाहतो. दोन्हींनी परिस्थिती बिघडतच जाते, कारण मूळ उपाय वेळेवर झालेला नसतो. कूटदंत सुत्तात तो उपाय सांगितला आहे: जे शेती करतात त्यांना बियाणे आणि चारा, जे व्यापार करतात त्यांना भांडवल, जे राजसेवा करतात त्यांना वेतन आणि अन्न द्यावे, म्हणजे लोक आपापल्या कामात गुंततील आणि राज्याला उपद्रव होणार नाही. शीलाचा ऱ्हास आणि शासनाची धोरणे यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे जोडणारे उतारे वाचल्यावर, धम्म म्हणजे केवळ वैयक्तिक चारित्र्य असे म्हणता येत नाही. तेव्हा वस्तीत सभा घ्याल तेव्हा ‘पाकीट घेऊ नका’ एवढेच सांगून थांबू नका. विडी कामगारांची किमान मजुरी, यंत्रमागावरच्या पाळ्या, भीमेवर उजनीसारखे धरण असूनही शहराच्या नळाला चार-चार, पाच-पाच दिवस पाणी का नसते, हे प्रश्न उमेदवाराकडून बोलवून घ्या. ज्याच्या भाषणात हे नाही त्याच्या तोंडी पंचशील शोभत नाही.

प्रचारातल्या बोलण्याविषयी अंगुत्तर निकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात एक मोजमाप आहे. सुभाषित वाणीची पाच अंगे तिथे सांगितली आहेत: ती वेळेवर बोललेली, सत्य, मृदू, हितकारक आणि मैत्रीपूर्ण चित्ताने बोललेली असावी. पाचही अंगे सांभाळून प्रचार होऊ शकतो काय? होऊ शकतो, पण भाषण लहान होते. विरोधी उमेदवाराने मागच्या वेळी केलेल्या कामाची माहिती अधिकाराच्या अर्जाने काढून कागद दाखवणे हे सत्य आणि हितकारक आहे. त्याच्या मुलीच्या लग्नाविषयी कुजबुजणे हे सत्य असले तरी बाकीच्या चार अंगांवर नापास होते. वज्जींच्या, म्हणजे वैशालीच्या, गणराज्याचा नाश कसा झाला, याची हकिगत अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरच्या जुन्या टीकेत, आहे. त्यांची एकजूट आहे तोवर त्यांना जिंकता येणार नाही हे कळल्यावर मगधाचा राजा अजातशत्रू याचा मंत्री वस्सकार त्यांच्यात येऊन राहिला. तो एखाद्या लिच्छवीला, म्हणजे वज्जींपैकी एकाला, बाजूला घेई आणि ‘लोक शेत नांगरतात ना?’ असले काहीतरी निरर्थक विचारी. दुसरा त्याला विचारी, ‘आचार्य काय म्हणाले?’ तो खरे सांगे, पण इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी बाजूला घेतले असेल यावर कोणाचा विश्वास बसत नसे. तीन वर्षांत ते एकमेकांच्या सभेला येईनासे झाले आणि राज्य लढाईवाचून गेले. एकाच वस्तीत तीन व्हॉट्सॲप गट आणि प्रत्येकात दुसऱ्या गटाविषयीचे तर्क, ही स्थिती मी पाहतो तेव्हा मला वस्सकाराचे काम आपण स्वतःच फुकटात करत आहोत असे वाटते.

विटंबनेच्या मजकुराचे उत्तर ब्रह्मजाल सुत्ताच्या आरंभीच आहे. दुसरे कोणी बुद्धाची, धम्माची किंवा संघाची निंदा केली तर रागावू नका, असे बुद्ध भिक्खूंना सांगतात आणि कारणही देतात: रागावलात तर समोरचा म्हणतो ते बरोबर की चूक हे तुम्हाला कळेल काय? मग ‘हे असे नाही, हे आमच्यात नाही’ एवढे शांतपणे दाखवून द्यावे, अशी सूचना आहे. याचा अर्थ कायद्याने करायची तक्रार करू नये असा नाही. पडद्याचे छायाचित्र घ्या, वेळ आणि क्रमांक नोंदवा, दोन जाणत्या माणसांना घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. मात्र तो मजकूर पुढे पाठवू नका, ‘बघा काय म्हणतोय’ असे लिहूनही पाठवू नका. ज्याने तो तयार केला त्याला तो जितक्या लोकांपर्यंत पोहोचवता आला नसता तितक्यांपर्यंत आपलीच संतापलेली मुले तो पोहोचवतात, मग रात्री दगडफेक होते आणि गुन्हे दाखल होतात ते आपल्याच बारावी झालेल्या पोरांवर, ज्यांना पुढे नोकरीसाठी चारित्र्याचा दाखला मिळत नाही.

याच विषयावरचा एक शिलालेख आपल्या शेजारी आहे, आणि सोलापुरातल्या बौद्धांपैकी फार थोडे तिथे गेलेले असतात. भीमा आपल्या जिल्ह्यातून पुढे कर्नाटकात जाते, तिथे कलबुर्गी जिल्ह्यात तिच्या काठी सन्नती हे गाव आहे. तिथल्या देवळात मूर्तीखाली बसवलेली एक शिळा 1980 च्या दशकात उजेडात आली, आणि तिच्यावर सम्राट अशोकाचे लेख निघाले. त्यांत बारावा लेख आहे. वाणीचा संयम ठेवावा, प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, जो आपल्या पंथाच्या भक्तीपोटी असे करतो तो आपल्याच पंथाची अधिक हानी करतो, असा त्याचा आशय. त्याच शिळेवर अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेला लेखही आहे, ज्यात मत्सर, क्रोध, निष्ठुरता, घाई, आळस यांच्यामुळे न्यायाचे काम बिघडते असे अशोक सांगतो. कलिंगच्या युद्धानंतरचा राजा आपल्या नोकरशाहीला हे लिहून देतो, ही मला धम्म राजकारणात कसा उतरतो याची फार चांगली साक्ष वाटते. त्याचा अर्थ बौद्ध नाव धारण केलेले राजकारण आपोआप शुद्ध असते असा मात्र मुळीच नाही. श्रीलंकेचे पंतप्रधान बंडारनायके यांची 1959 मध्ये हत्या केली ती एका भिक्खूने. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरवण्यात चीवरधारी भिक्खू आघाडीवर होते. छंदागती चीवरालाही सोडत नाही.

आता कारखाना. हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण तुमच्या शीलाचा कस निवडणुकीपेक्षा इथे अधिक लागणार आहे, आणि तोही दर महिन्याला.

एका पुस्तकात कांडी भरणारी बाई महिन्याला सव्वीस दिवस हजर आहे. तिची मजुरी त्यावरून ठरते. दुसऱ्या पुस्तकात, जे तपासणीला दाखवायचे असते, तिचे बाराच दिवस लागतात. तुम्ही म्हणता की तिला रोख मजुरी पूर्ण मिळते, म्हणून यात खोटेपणा असला तरी चोरी नाही. इथे मोहागती आहे. न तपासता मानलेली गोष्ट आहे. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचा भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदानाच्या काळात 78 दिवस भरावे लागतात. बारा दिवसांच्या हिशेबाने सहा महिन्यांत 72 भरतात. त्या बाईला उद्या क्षयरोग झाला किंवा गर्भाशयाची शस्त्रक्रिया करावी लागली, तर वर्षातल्या 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के दराने जो भत्ता तिला मिळाला असता तो सहा दिवसांच्या फरकाने जातो, आणि तो कशामुळे गेला हे तिला कधीच कळत नाही. भविष्यनिर्वाह निधीची गळती वेगळीच. मुसावादाबरोबर अदिन्नादानाचे, म्हणजे न दिलेले न घेण्याचे, शीलही तिथे मोडलेले असते, आणि पुस्तकावरचे अक्षर तुमचे असते. टाइम ऑफिसात काम केलेल्या माणसाला हे आकडे पाठ असतात. तुम्हीही ते पाठ करा, कारण मालकाशी बोलताना तुम्हाला शीलापेक्षा या आकड्यांचा अधिक उपयोग होईल.

मालकाशी बोलायचे कसे, हेही वाणीच्या पाच अंगांतच आहे. महिनाअखेरीस, मालाची गाडी भरताना किंवा चार जणांसमोर नव्हे. एकट्याने, केबिनमध्ये, तपासणी झाल्यास दंड, व्याज आणि जुनी थकबाकी मिळून किती बोजा बसेल त्याचा कागद पुढे ठेवून. सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, विशेष गोडधोड वाटून द्यावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. आपल्याकडच्या जुन्या मालकांपैकी काहीजण यातले चौथे कर्तव्य दिवाळीला हौसेने पाळतात आणि तिसरे विसरतात. प्रथम इतके मागा की नव्या महिन्यापासून निदान 78 दिवस भरतील एवढी तरी हजेरी दोन्ही पुस्तकांत लागावी, आणि वर्षभरात दोनाचे एक पुस्तक व्हावे. तडजोड सुचवतो आहे म्हणून मला दोष देणारे भेटतील. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना नियम आणि तत्त्व यांत फरक केला आहे. तत्त्व माणसाला कृतीचे स्वातंत्र्य देते, नियम देत नाही, असे ते म्हणतात. तुम्ही उद्या राजीनामा दिलात तर पुस्तक दुसरा कोणी लिहील आणि त्या बाईचे बाराच दिवस लागतील. मात्र या स्वातंत्र्याला मुदत हवी. मुदत उलटून गेली आणि पुस्तके दोनच राहिली, तर त्या पुस्तकात तुमचे अक्षर असू नये.

त्यासाठी आजपासून तयारी करा, कारण भयागती पुष्कळदा कर्जाच्या हप्त्यातून येते. सिगालोवाद सुत्तातच उत्पन्नाचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन उद्योगाला, आणि चौथा संकटकाळासाठी साठवून ठेवायला. अंगुत्तर निकायात गृहस्थाच्या चार सुखांत ऋण नसल्याचे सुख वेगळे मोजले आहे. हिशेबनिसाच्या पगारात दोन भाग उद्योगात घालणे जमणार नाही, हे मला कळते. पण सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असलेला माणूस मालकासमोर ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात मोटारसायकल, मोबाइल आणि बहिणीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर असलेला माणूस बोलू शकत नाही. डॉल्बीच्या वर्गणीला हजार रुपये देणाऱ्या तरुणांना मी हे नेहमी सांगतो आणि त्यांना ते आवडत नाही. बचत ही शीलाची पूर्वतयारी आहे, हे बौद्धाचार्यांनी पंचशील देतानाच सांगायला हवे.

रोजच्या सरावासाठी बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, केलेला उपदेश पुरेसा आहे. कृती करण्याआधी, करत असताना आणि केल्यानंतर, अशा तीन वेळा पाहावे की यातून स्वतःला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होते काय. प्रचाराच्या काळात रात्री घरी आल्यावर दिवसभरात कोणाशी काय बोललात ते पत्नीला सांगा. जे तिला सांगताना अडखळाल ते दुसऱ्या दिवशी करू नका. पंचशील दोघांनी मिळून घेतले असेल तर हा अधिकार तिचा आहेच.

प्रचाराचे काम घेण्यापूर्वी उमेदवाराला तीन गोष्टी विचारा आणि उत्तर चार माणसांसमोर घ्या: वस्तीत पैसे आणि दारू तुमच्या हातून जाणार नाही, फुली पडलेल्या घरांतही तुम्ही जाणार, आणि निवडून आल्यास दर तीन महिन्यांनी तो प्रभागाच्या कामांचा हिशेब विहारात येऊन देणार. पहिली अट तो हसून मान्य करील, दुसरीवर वेळ नाही म्हणेल, तिसरीवर गप्प बसेल. तिसरीवर गप्प बसला तर प्रचार करू नका, मत मात्र चार अगती तपासून त्यालाही देऊ शकता.

निकालाच्या दिवशी गुलाल उधळत दुसऱ्या उमेदवाराच्या बोळातून मिरवणूक नेण्याची आपल्याकडे रीत आहे. ‘जयं वेरं पसवति, दुक्खं सेति पराजितो’, विजय वैराला जन्म देतो आणि पराजित दुःखात झोपतो, ही गाथा कोसलचा राजा प्रसेनजित अजातशत्रूकडून हरला त्या प्रसंगाची आहे. तुमचा उमेदवार जिंकला तर मिरवणुकीचा रस्ता तुम्ही आधीच ठरवून ठेवा आणि तो त्या बोळातून जाऊ देऊ नका. हरला, तर बूथवर बसलेल्या मुलांना त्या रात्री घरी पोहोचवून या, आणि दुसऱ्या दिवशी मतदारयादीवरच्या खुणा खोडून ती यादी विहारातल्या अभ्यासिकेत ठेवा. पाण्याची तक्रार लिहून घेण्यासाठी घरांची तीच यादी लागणार आहे.